पेंडीच्या बादलीतल्या मॅडम

मी एकदा मॅडमना पेंडीच्या बादलीत बुडवलं.

सगळ्याच्या सगळ्या मॅडम नव्हेत. मॅडम त्या घडीला तिकडं वडवणीत, आपल्या घरी, निळ्या पडद्यापुढं बसल्या होत्या. आमच्या फोनात जेवढ्या मावत होत्या तेवढ्याच बुडवल्या. म्हशीसाठी सरकीची पेंड भिजत घातलेली, वर पिवळं पाणी आलेलं. मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, पळत जा आणि घरातून मूठभर चिंचोके घेऊन या. आज आपण बेरीज खेळणार आहोत." माझी नात दुर्गी फोन पायरीवर ठेवून चिंचोके शोधायला आत पळाली. जिन्यापाशी मी, मॅडम आणि बादली अशा तिघीच उरलो. मी फोन उचलला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, एकदा मॅडमच्या तोंडाकडं बघितलं आणि हात सोडला. बुडुक. त्या आवाजाचं मला अजून हसू येतं. लाजही येते की. पण हसू आधी पळत येतं आणि लाज मागून रांगत.

फोन मरावा असं काही माझ्या मनात नव्हतं. त्याचं असं की, आमच्या घरातला जुना रेडिओ एकदा पावसात सापडला होता. दोन दिवस मुका बसला. उन्हात पालथा घातला तर तिसऱ्या दिवशी आपला बाजारभाव सांगायला लागला. फोन म्हणजे तरी काय, तोंड दिसणारा रेडिओ. दोन दिवस मॅडमचा घसा बसेल, तेवढ्यात पोरगी माझ्याकडं तोंड करून बसेल, मग वाळवू उन्हात आणि वाजू दे परत. तेव्हा मी लहान होते. साठी नुकतीच उलटलेली. त्या वयात बाईमाणसाला अक्कल येते कुठं!

परवा कोयत्याच्या गाड्या निघाल्या. दिवाळीच्या पणत्या अजून तेलकट असतात तोवरच निघतात दरवर्षी. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, डालग्यात कोंबड्या, दाव्याला एखादी शेळी आणि सगळ्यांच्या वर डोक्याला रुमाल आवळून बसलेल्या बाया. माझा दत्ता आणि सून रुक्मिण ह्याही वर्षी ऊस तोडायला गेले. गाड्या वळणाआड गेल्या की धूळ खाली बसायला वेळ लागतो. मग गावात म्हाताऱ्यांचा खोकला आणि मागं राहिलेल्या पोरांचा दंगा तेवढा उरतो. सकाळी ज्वारीच्या पानांना दवाचा हिरवा वास येतो. त्या वासासरशी मला ते रोगाचं वर्ष आठवतं. लोकांना त्या वर्षाचं नाव काढलं की भीती आठवते. मलाही आठवते, नाही असं नाही. गावात कुणाच्या घरासमोर गाडी थांबली तरी आम्ही दाराला कडी लावून घ्यायचो. पण खरं सांगू? भीतीच्या आधी मला हेवा आठवतो. इतका हिरवागार हेवा मला त्याआधी कधी आला नव्हता आणि त्यानंतर आला तो सगळा वाळका.

दुर्गी तेव्हा तिसरीत होती. त्याआधीची वर्षं ती आईबापामागं जायची. निम्मं वर्ष शाळेत आणि निम्मं उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत. त्या वर्षी शाळेच्या दाराला कुलूप लागलं आणि कुलपावर गांधीलमाशीनं घर केलं. शाळाच नाही म्हटल्यावर दुर्गीची पिशवीही ट्रॉलीत जाणार होती. पण गाड्या निघायच्या आधी मॅडम स्कूटीवरून आल्या, अंगणाच्या बाहेर लांब उभ्या राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "रुक्मिणताई, दुर्गाला नेऊ नका. मोठा फोन घरी ठेवा. शाळेचं दार बंद आहे, शाळा नाही. मी शिकवते."

दत्तानं मोठा फोन पोरीसाठी ठेवला आणि बटनाचा फोन स्वतः नेला. रुक्मिणनं कडेवर दुर्गीचा बारका भाऊ घेतला, ट्रॉलीत पाय ठेवला आणि वळून मला म्हणाली, "आत्याबाई, फोन जपा. पोरीची शाळा सुटली तर पोरगी फडात येईल बगा."

मी म्हणाले, "जा गं तू निवांत. डोळ्यात तेल घालून जपते."

डोळ्यात तेल घातलंच होतं मी. पेंडीचंच निघालं ते.

मॅडमनं त्या वर्षी वर्गाचे दोन भाग केले होते. ज्यांच्या घरी मोठा फोन, त्यांना सकाळी शाळा फोनात. ज्यांच्या घरी नाही, त्यांना दुपारी मारुतीच्या मागच्या चिंचेखाली. तिथं मॅडम चुन्यानं जमिनीवर गोल आखायच्या, एकमेकांपासून लांब लांब. एका गोलात एक पोर. तोंडाला फडकं बांधून मॅडम मधल्या मोकळ्या जागेत फिरायच्या. पहिल्यांदा गावाला वाटलं, बिचारी बिनफोनाची पोरं, झाडाखाली बसतात. फोनवाल्या घरांच्या बाया जरा मान ताठ करून चालायला लागल्या. मीही चालले. चार दिवसांनी पोरांच्या ध्यानात आलं की फोनवाल्यांना फोन मिळालाय आणि बिनफोनवाल्यांना मॅडम मिळाल्यात.

शेजारची गंगी दुर्गीच्याच वर्गात. तिच्या बापाकडं नुसता बटनाचा फोन, म्हणून ती चिंचेखाली, पहिल्याच गोलात. चिंचेखालून आली की आमच्या दारावरून मुद्दाम हळू चालायची. "दुर्गे, आज मॅडमनं माजी पाटी हातात घेतली. तुजी घेतली का गं?" दुर्गीच्या डोळ्यात टचकन पाणी. फोनात पाटी कोण हातात घेणार!

संध्याकाळी शेळ्या परत यायच्या वेळेला दुर्गी दिसेनाशी व्हायची. एकदा शोधत गेले तर बाई मारुतीमागं, चिंचेखाली, गंगीच्या रिकाम्या गोलात मांडी घालून बसलेली. समोर कुणी नाही. तरी हात वर करून म्हणते, "मॅडम, मी सांगू?" मी देवळाच्या कोपऱ्याला उभी राहून बघत होते. चिंचेची बारीक पिवळी पानं तिच्या डोक्यावर पडत होती. दुसऱ्या एखाद्या आजीचं काळीज विरघळलं असतं. माझं काळीज म्हणालं, "मला कधी असं विचारलंस का गं भवाने, मी सांगू म्हणून?"

काय काय आणि कशाकशावर जळले मी! मॅडमचा आवाज असा की त्या रागावल्या तरी पोरं हसायची. मी मायेनं हाक मारली तरी आमचं कुत्रं उठून दुसऱ्या आळीला जातं. आमच्या घरात रेंज येत नाही. ती येते माळवदाच्या जिन्यावर, मधल्या पायरीवर. त्या पायरीवर पूर्वी मी बसायचे, दुर्गीच्या वेण्या घालायचे. आता तिथं सकाळी मॅडम बसायच्या, भिंतीला टेकून. मी खालच्या पायरीवर, बादलीशेजारी.

रात्रीची गोष्ट हा माझा हक्क होता. माझ्या गोष्टीतला कोल्हा मळ्यात शिरायचा आणि अख्खं टरबूज एकटा खायचा, बिया आमच्या दारात थुंकायचा. दुर्गी लोळून हसायची. एक दिवस म्हणाली, "आज्जे, मॅडमच्या गोष्टीतला कोल्हा वाटून खातो."

"वाटून खातो? मग त्यो कोल्हा कसला, सरपंच हाय का?"

"चित्रात बी दाखवला मॅडमनं. त्याच्या गळ्यात मफलर व्हता."

माझा कोल्हा उघडा. त्या रात्रीपासून त्याला कुणी बोलावलं नाही.

मग हात. विहिरीवरून आले, भाकरी थापायला बसले की ही समोर. "आज्जे, हात धुतलेस का? साबणानं? मॅडम म्हणल्यात, मनात ईस आकडे म्हणत धुवायचे."

"तुज्या मॅडमला सांग, ह्याच हातानं तुज्या बापाला भरवून मोटा केलाय."

"आकडे म्हणलीस का?"

म्हटले हो. काय करता!

वेण्यांचंही तसंच. फोनपुढं बसायचं म्हणून रोज दोन घट्ट वेण्या, लाल फिती वर दुमडून. घालणार कोण, मी. एक दिवस फोनातून मॅडम म्हणाल्या, "दुर्गा, वेण्या फार छान दिसतात. कुणी घातल्या?" मी खालच्या पायरीवर मान वर करून बसले. आता माझं नाव वडवणीपर्यंत जाणार. दुर्गी म्हणाली, "माज्या मम्मीनं शिकवल्यात अशा." शिकवल्या रुक्मिणनं, कौतुक केलं मॅडमनं आणि कंगव्यात अडकलेले केस ते तेवढे माझ्या वाट्याचे. सकाळी त्या फोनात मॅडम, संध्याकाळी त्याच फोनात फडातून रुक्मिण. आईचा दमलेला आवाज ऐकला की पोरगी पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि हळू हळू बोलायची. मी तव्यापाशी. कान जिन्याकडं आणि भाकरी करपलेली.

जळायची मला हौसच जुनी. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या शाळेत लोखंडाचा तुकडा टांगलेला होता आणि हातोडीनं त्याचा टोल द्यायचा मान एका पोरीला होता. तिचे केस कुरळे, दात पांढरे, सगळंच माझ्यापेक्षा बरं. मी एक दिवस ती हातोडीच नदीच्या वाळूत पुरून टाकली. दुसऱ्या दिवशी गुरुजी तिला म्हणाले, "तुझा आवाज खणखणीत आहे, तूच ओरड शाळा सुटली म्हणून." त्या दिवसापासून शाळा सुटली की सगळ्या गावात तिचं नाव. आधी निदान लोखंड वाजायचं, आता ती वाजायला लागली. एवढा धडा मिळालेला असताना म्हातारपणी मी काय केलं, तर बादली.

फोन पेंडीतून काढला तेव्हा मॅडम नव्हत्या. काळं तोंड करून बसलेला एक चौकोन होता आणि त्याच्या भोकांतून सरकीचं टरफल निघत होतं. उन्हात घातला, रेडिओसारखा. मुका. कुणी म्हणालं तांदळात ठेवतात. आमच्याकडं तांदूळ निघतो सणाला. म्हणून ज्वारीच्या पोत्यात खोल खुपसून ठेवला. पुढं वडवणीच्या बाजारात दुरुस्तीवाल्या पोरानं उघडून बघितला आणि मला विचारलं, "मावशी, म्हैस चारली का ह्यात?" तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दोन दिवस मी राज्य केलं. खोटं कशाला बोलू? दुर्गी माझ्यामागं मागं. शेंगा फोडायला, शेण काढायला, वाळवण राखायला. कोल्हाही आला परत, टरबूज घेऊन. फक्त ती हसली नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मम्मी आज कुणाच्या फोनवर बोलंल?"

तिसऱ्या दिवशी गंगीच्या बापाच्या फोनवर दत्ता आला.

"आई, फोन लागंना तुजा."

"म्हशीनं पेंडीत पाडला रं." म्हैस तिकडं रवंथ करत होती. तिनं तोंड हलवायचं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"चालू व्हईल का?"

"ज्वारीत ठिवलाय."

"ज्वारीत?"

"मग काय बासमतीत ठिवू?"

तो हसला नाही. मागं कुणीतरी मोळ्या भरा म्हणून ओरडत होतं. मग म्हणाला, "आई, हप्त्याभरानं मुकादमाची गाडी गावाकडं यायलीय. तिच्यात दुर्गीला बसवून दे. फोनच न्हाई तर तितं काय करायलीय पोरगी? हितं बारक्याला तरी सांभाळील. रुक्मिण एका हातानं पोरगं धरायलीय आन् एका हातानं मोळी बांधायलीय."

"आरं पण..."

"पण काय? शाळा असती तर म्या बोललो असतो का?"

फोन ठेवला. गंगीच्या दारातून आमच्या दारापर्यंत दहा पावलं नाहीत, पण मला ते अंतर सरेना. दुर्गी ओट्यावर चिंचोके मांडत होती. मॅडमनी आणायला सांगितले होते ते. तिनं ते अजून टाकले नव्हते, बेरीज व्हायची राहिली होती ना. मला ती पाचटाच्या खोपीत दिसली, काखेत भाऊ, केसांत भुसा, समोर पेटलेला फड आणि हातात पाटी नाही. मी ज्या दोरीवर जळत होते, त्याच दोरीनं पोरगी माझ्या अंगणात बांधलेली होती. आणि ती दोरी मीच भिजवून कुजवली होती.

दुसऱ्या दिवशी मी चिंचेखाली गेले. जिच्या नावानं मी बोटं मोडली होती, तिच्याच पुढं पदर पसरायला. इरकली लुगडं नेसून गेले. जायचंच तर चिंधी दिसू नये.

मॅडमना मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. फडक्याच्या वर नुसते डोळे. म्हटलं, नाक तरी नकटं असेल. फोनात बघितलं होतं खरं, पण फोनाचा काय भरवसा!

"आजी, तिथंच थांबा," मॅडम लांबून म्हणाल्या. "त्या शेवटच्या गोलात बसा."

बसले. साठीतली बाई, पाटीवाल्या पोरांच्या रांगेत. पदर नाकावर धरला. मांडी काही गोलात मावेना.

"मॅडम, आज्जीचा गुडगा रेघंवर हाय!" ही गंगी.

"आजी, गुडघा आत."

घेतला आत. ते झाल्यावर म्हणाले, "मॅडम, आमच्या दुर्गीचा फोन बिघडलाय."

"कसा?"

"म्हशीनं पेंडीत पाडला."

मॅडमचे डोळे बारीक झाले. मग गोलांमधून चालत जरा जवळ आल्या आणि पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "हो, दिसलं मला. शेवटी म्हशीचं तोंड एकदम जवळ आलं, मग पिवळं पाणी." जरा थांबल्या. "म्हशीच्या नाकात मोरणी होती, आजी."

पदर धरलेला माझा हात आपोआप नाकावर घट्ट दाबला गेला. मोरणी तिथंच होती, पदराखालीसुद्धा चमकत असणार. पदराआड माझं तोंड पेटलं. ही बाई नुसती देखणी नव्हती, हिला चेष्टाही येत होती! आता माझ्याकडं म्हणून काय राहिलं?

मी सगळं सांगितलं. फोनाचं नव्हे, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसलं होतं. मुकादमाच्या गाडीचं सांगितलं. सांगताना आवाज फुटला, तो मी खोकल्यात घातला. त्या दिवसांत खोकला म्हणजे काय! सगळी पोरं आपापल्या गोलात मागं सरकली.

मॅडमनी तिथंच पर्समधून फोन काढला. दत्ताला लावला. "दत्ताभाऊ, दुर्गाच्या मॅडम बोलतेय. तिला पाठवू नका. फोन नसलेल्या मुलांसाठीच तर चिंच आहे. ती उद्यापासून माझ्यासमोर बसेल."

फोनातून माझ्या पोटच्या पोराचा आवाज आला, मध लावलेला. "बरं, बरं मॅडम. तुमी म्हणायलाव तर राहू द्या."

बघा! मी "आरं पण" म्हणाले तर माझं वाक्य पुरं झालं नाही. मॅडमनी दोन वाक्यांत गाडी फिरवली. मी त्याला नऊ महिने वागवला, मॅडमनी त्याला एक फोन केला. गोलातून उठताना गुडघ्यांनी कटकट केली. पोरगी राहिली म्हणून देवाला हात जोडावेत की जिनं राहू दिली तिच्यावर जळावं, हे मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. घरी येऊन दोन्ही केलं.

अशी माझी अक्कल. घरातली मॅडम घालवायला निघाले आणि पोरगी नेऊन तिच्या पुढ्यात बसवून आले. दुर्गी गंगीच्या शेजारच्या गोलात. पहिल्या दिवशी आली ती अंगणातूनच ओरडत, "आज्जे, मॅडमनं माजी पाटी हातात घेतली!" पाटी मला दाखवली. पुसू दिली नाही. रात्री उशाला घेऊन झोपली. पाटीवर खडूची एक बरोबरची खूण होती, इवलीशी. मी तिच्यावरही जळले.

आणि मग गावात फोनांना साथ आली. आमचा गेला आणि दुर्गीला मॅडम मिळाल्या, हे फोनवाल्या पोरांनी बघितलं की! एकाचा फोन बैलाच्या पायाखाली गेला. एकाचा आडात पडला. एका पोरीनं तर आईला सांगितलं, फोनातून आवाज येत नाही, आणि भोकांत कणीक भरलेली निघाली. घराघरांत मार बसायला लागला. मॅडमनी डोक्याला हात लावला. मग नवा बेत केला. सगळी पोरं आळीपाळीनं चिंचेखाली येतील. चिंचेचा दिवस नसेल तेव्हा ज्याच्या घरी फोन राहिलाय त्याच्या ओट्यावर, दोन दोन पोरं लांब बसून बघतील. फोनवाल्याला झाड आणि बिनफोनवाल्याला फोन. गाव म्हणालं, मॅडमनं काय जमवलं! पेपरात यावं असं जमवलं! मी ओट्यावर बसून लसूण सोलत ऐकत होते. बादली माझी आणि नाव मॅडमचं. पण बोलणार कुणाला आणि कसं?

गुरुवारी शाळा सुटली की मॅडम स्वतःच्या फोनवरून रुक्मिणला लावून द्यायच्या. दुर्गी चिंचेच्या बुंध्याला टेकून बोलायची. फोन पोरीच्या हातात, मॅडम लांब उभ्या, मी त्याहून लांब, सरपणाची मोळी घेऊन उगाच. एकदा बोलणं संपताना रुक्मिणचा आवाज मोठ्यानं आला, "मॅडम, पोरगी तुमच्या वटीत घातली बगा मी."

कुणाच्या ओटीत? रात्री कुणाच्या कुशीत लाथा झाडते ती? ताप आला तेव्हा मिठाच्या पाण्याच्या घड्या कुणी ठेवल्या? मोळी तिथंच टाकून मी घरी आले आणि म्हशीला सगळं सांगितलं. तिच्यावर घेतलेल्या खोट्या आळाचं देणं माझ्यावर होतंच.

मधे मॅडमनाच ताप आला. चिंच बंद. गोलांवर शेळ्या बसायला लागल्या. येताजाता जो तो, "मॅडम कशायत?" एवढं मला कुणी कधी विचारलं असतं! तरी मी गुपचूप देवापुढं दिवा लावला. म्हणाले, त्यांना लवकर बरं कर. पण रंग आणखी उजळू देऊ नको. देवानं अर्धंच ऐकलं. बऱ्या होऊन आल्या त्या पहिल्यापेक्षा गोऱ्या. पंधरा दिवस उन्हात आल्या नव्हत्या ना!

शाळेचं कुलूप निघालं, गांधीलमाशी उठली, गोल पावसानं धुऊन नेले. मॅडमची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या पाया पडून हळूच विचारलं, "म्हैस बरी आहे ना, आजी?" गावाला वाटलं, किती ही मॅडमची माया, जनावरांचीसुद्धा चौकशी करतात!

आता दुर्गी आठवीत आहे, सायकलवर वडवणीला जाते. त्या वर्षानंतर ती फडात गेली नाही. घरात नवा मोठा फोन आहे आणि ती त्याच्याकडं बघून एकटीच हसते. आता मी फोनावर जळते. निदान मॅडमना नाव होतं.

काल संध्याकाळी मी पेंड भिजत घालत होते. ती त्याच मधल्या पायरीवर, फोन घेऊन. वर न बघता म्हणाली, "आज्जे, बादली जरा लांब ठिव."

माझा हात पाण्यातच राहिला. "कावून गं?"

"काय न्हाई. उगंच."

म्हैस गोठ्यातून बघत होती. इतक्या वर्षांचा आळ तिच्या अंगावर होता, तिनं मानसुद्धा हलवली नाही. मला एकाएकी कंटाळा आला त्या खोट्याचा. म्हटलं, आता ही माझ्याएवढी उंच झाली, सांगून टाकू. हात झटकले आणि म्हणाले, "दुर्गे, त्यो फोन म्हशीनं न्हाई पाडला. म्या बुडीवला. मॅडमवर जळत व्हते गं मी. लई जळत व्हते."

दुर्गीनं फोन पायरीवर पालथा ठेवला. मग म्हणाली:

"आँ? जळत व्हतीस? अगं, म्या दाराआडून समदं बघितलं व्हतं. मला वाटलं, मला गोलात बसायला मिळावं म्हणून तू फोन बुडीवलास. गंगीला बी तवापासून हेच सांगत आलेय मी. ती अजून जळती माज्यावर, असली आज्जी तिला न्हाई म्हणून. आता तिला काय सांगू?"